वाणात लुटलेलं बी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पहिल्याच पानावर आमच्या डोंगराचा मोठा रंगीत फोटो छापून आला. 'डोंगराने नेसला केशरी शालू' असा मथळा आणि खाली चार ओळी : पावसाळा सरता सरता पुरंदरच्या डोंगरउतारावर सोनकी फुलली आहे, घाटात गाडी थांबवून हा नजारा जरूर पाहावा. शेजारच्या मुलानं पेपर आणून दाखवला. पेपरात गावाचं नाव आलं म्हणून घरोघरी कौतुक चाललं होतं. मी चष्मा लावून फोटो दोनदा पाहिला आणि पेपर घडी करून ठेवला. त्या रात्री मला धड झोप लागली नाही.

ती सोनकी नव्हे, साहेब. तो कॉसमॉस आहे, मेक्सिकोकडचं बागेतलं फूल. आणि आमच्या गावात ते आणणारी मी आहे.

मी अठ्ठावीस वर्षं अंगणवाडी सेविका म्हणून काम केलं, आता निवृत्त झाले. घरी दोन म्हशी, चार शेळ्या आणि दीड एकर सीताफळ आहे. पेपर रोज वाचते, पण पेपरला पत्र पहिल्यांदाच लिहिते आहे. लांबलं तर चालवून घ्या. हे मला सगळं सांगायचं आहे.

२००३ साली दिवाळीच्या आधी मी पुण्याला भाचीकडे गेले होते. तिच्या सोसायटीच्या भिंतीलगत ही फुलं दाट उभी होती. ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं, बाकीच्या कुंड्या माना टाकून बसलेल्या, आणि ही मात्र ताजी टवटवीत. मी तिथल्या माळीकाकांना विचारलं. त्यांनी सुकलेली फुलं ओरबाडून मूठभर बी माझ्या रुमालात बांधून दिलं आणि म्हणाले, "बाई, याला काही करावं लागत नाही. एकदा टाका, दरवर्षी आपलं आपण येतं." तेव्हा मला ते वरदान वाटलं. आमची अंगणवाडी मुरमाच्या उघड्या माळावर. कुंपण नाही, झाड नाही, मार्चनंतर प्यायचं पाणी टँकरचं. तिथे काही न करता येणारं फूल म्हणजे लॉटरीच.

पुढच्या जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर मी ते बी भिंतीकडेला टाकलं. दसऱ्याला अंगणवाडी ओळखू येईना. मुलं हरखून गेली. एकेरी फुलाला आठ पाकळ्या असतात, त्यावर मी मुलांना आठापर्यंत मोजायला शिकवलं. पर्यवेक्षिका ताई पाहणीला आल्या तर त्यांनी शेरापुस्तकात 'परिसर सुशोभित' असं लिहिलं. मला किती बरं वाटलं होतं म्हणून सांगू.

२००७ च्या संक्रांतीला मी अंगणवाडीत आयांचं हळदीकुंकू केलं. वाण काय द्यावं हा प्रश्न होताच. मानधनात प्लॅस्टिकच्या वाट्यासुद्धा परवडत नव्हत्या. मग जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या पुड्या केल्या आणि त्यात हे बी भरलं. बावन्न पुड्या झाल्या, माझ्या वहीत नोंद आहे. बायकांनी मोठ्या आवडीनं नेल्या. कुणी माहेरी पाठवल्या, कुणी नणंदेला दिल्या. एकीनं थेट घाटातल्या देवीच्या पायऱ्यांना टाकलं, देवीला फुलं होतील म्हणून. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, माझ्याही नव्हतं.

दोन-तीन वर्षांत ते परसातून बाहेर पडलं. आधी बांधावर, मग ओढ्याच्या काठानं. त्यानंतर घाटरस्त्याचं रुंदीकरण निघालं. जेसीबीनं डोंगर कापला, मुरूम इकडून तिकडे टाकला, रस्त्याच्या दोन्ही अंगांना उघडी, उकरलेली माती पडली. उकरलेली माती कॉसमॉसला फार मानवते. गवताचा घट्ट थर असलेल्या जागी त्याला शिरकाव करायला वेळ लागतो, पण जिथे माणसानं जमीन उघडी पाडली तिथे ते पहिल्याच पावसात हजर होतं. रस्त्याकडून ते गायरानात चढलं आणि गायरानातून वर डोंगराला. घाटातून उतरताना आज तुम्हाला जो शालू दिसतो, तो असा पदरापदरानं पसरत गेला.

हे फूल नुसतं लांबून पाहू नका. एकदा सुकलेलं बोंड हातात घ्या. पाकळ्या गळाल्यावर देठाच्या टोकाला सुयांचा चेंडू राहतो. एकेक सुई म्हणजे एकेक बी. काळपट तपकिरी, बोटाच्या पेराएवढं लांब, मधे जरा फुगीर, पुढे निमुळतं, आणि टोकाला बहुधा दोन बारीक शिंगं. त्या शिंगांना उलटे काटे असतात, डोळ्यांना धड दिसत नाहीत पण बोटाला लागतात. शेळीच्या केसात ते अडकतं, धोतराच्या सोग्याला लागतं, आणि फोटो काढायला गवतात बसणाऱ्यांच्या सॉक्समध्ये तर हमखास. मी एक बोंड परातीत सोडवलं तर वीस-पंचवीस बिया निघाल्या. माझ्या कमरेच्या वर आलेल्या झाडाला अशी कितीतरी बोंडं असतात. डोंगरावर झाडं किती, हे तुमच्या फोटोतच मोजा.

मला हे सगळं समजलं २०१९ मध्ये. पुण्याच्या एका कॉलेजची मुलं आणि त्यांच्या मॅडम वनस्पती पाहायला आमच्या डोंगरावर आल्या होत्या. दमून खाली आल्या तेव्हा मी ओट्यावर बसवून चहा दिला. बोलता बोलता मी मोठ्या अभिमानानं म्हणाले, "वरती फुलं पाहिलीत ना? ती माझ्या अंगणवाडीतली." मॅडम जरा गप्प झाल्या. मग त्यांनी मला अगदी हळुवारपणे सांगितलं. माझा अपमान होईल असा एक शब्द त्या बोलल्या नाहीत, पण मला जे कळायचं ते कळलं.

त्यांनीच सांगितलं की हे झाड मूळचं मेक्सिको आणि त्याच्या खालच्या देशांतलं. तिथून बी स्पेनला गेलं. माद्रिदच्या अंतोनियो होसे कावानियेस नावाच्या पाद्री असलेल्या वनस्पतीतज्ज्ञानं १७९१ साली याला कॉसमॉस हे नाव दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ सुव्यवस्था, साजशृंगार असा आहे म्हणे. तिथून बागांमधून जगभर गेलं. अमेरिकेच्या आग्नेय भागात तर १९९६ सालीच याची नोंद उपद्रवी परक्या झाडांत झाली होती. मी रुमालात बी बांधून आणलं त्याच्या सात वर्षं आधी. हे कुणी मला सांगितलं असतं तर!

दुसऱ्या दिवशी मॅडम मला वर घेऊन गेल्या. मुलांनी सुतळी आणि चार खुंट्या घेऊन मीटरभर लांब-रुंद चौकोन आखला. एक चौकोन गवतात आणि एक कॉसमॉसमध्ये. गुडघे टेकून प्रत्येक चौकोनात काय काय उगवलं आहे ते पाहायचं. गवताच्या चौकोनात कुसळी गवत होतं, पवन्या गवत होतं, त्यांच्या बुडाशी आभाळी, कवळ्याची पिवळी फुलं, पांढऱ्या मुसळीचं वाळलेलं पातं, तेरड्याची फुटून गेलेली बोंडं, दोन-तीन वेल ज्यांची नावं मलाही येत नव्हती. वहीचं एक पान भरलं. कॉसमॉसच्या चौकोनात मी खाली वाकून पानांची दाटी बाजूला केली. आत अंधार. बुडाशी मोकळी माती, कॉसमॉसचीच पिवळी पडलेली पानं, आणि उजेडाच्या शोधात लांब पिचका झालेला एक कुर्डू. मुलीनं वहीत दोनच नावं लिहिली आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या घशात आवंढा आला.

असं का होतं तेही तिथेच उमगलं. जूनमध्ये पाऊस पडला की आपली डोंगरावरची झाडं बेताबेतानं वर येतात. कुणाला श्रावणात फुलायचं असतं, कुणाला भाद्रपदात. टीचभर, वीतभर, फार तर गुडघ्याएवढी. कॉसमॉस मात्र सरसर वाढतं, श्रावण लागेस्तोवर मांडीला येतं आणि सगळ्यांच्या डोक्यावर छत धरतं. खालच्याला ऊन मिळत नाही. ऊन नाही तर फूल नाही, फूल नाही तर बी नाही. दोन-चार वर्षं सलग असं झालं की मातीतलं आधीचं बीही संपत जातं. म्हणजे तुमच्या फोटोत जिथे सगळ्यात दाट केशरी दिसतं ना, तिथे डोंगर सगळ्यात जास्त रिकामा झालेला आहे.

आमच्यासारख्यांच्या घरात याचा हिशेब दुधाच्या किटलीत लागतो. पूर्वी दिवाळीनंतर आम्ही दोघी जावा विळे घेऊन गायरानात जायचो. दिवसाला तीन-तीन भारे गवत व्हायचं. पेंढ्या बांधून गंज रचायची, ती होळीपर्यंत पुरायची. आता त्याच जागी कॉसमॉसच्या काड्या उभ्या असतात. म्हैस त्याला तोंड लावत नाही. शेळ्या कोवळा शेंडा खुडतात आणि पुढे जातात. गेल्या हिवाळ्यात आम्ही कडब्याची पेंढी विकत आणली. ज्यांच्याकडे शेतच नाही, नुसत्या शेळ्या आहेत, ते धनगरवाड्यावरचे लोक तर आता दोन टेकाडं पलीकडे जातात. त्यांच्यातली एक म्हातारी मला म्हणाली, "बाई, फुलं बघून पोट भरतंय व्हय?" तिला ठाऊक नव्हतं की ते बी माझं. मी तिला सांगितलं. ती काही बोलली नाही, माझ्या हातावर हात ठेवून उठून गेली.

गौरीच्या सणालाही मला हे टोचतं. आमच्याकडे तेरड्याची गौर असते. लहानपणी आम्ही मुली टोपल्या घेऊन घरामागच्या टेकाडावरूनच तेरडा आणायचो, गुलाबी जांभळा नुसता. आता माझी नात तेरड्यासाठी वडिलांच्या गाडीवर बसून तीन किलोमीटर लांब जाते. खरपुडीचं नाव तर आजच्या मुलांना माहीत नाही. आम्ही गुरं राखताना तिचा कंद उकरून कच्चा खायचो, गोडसर, पाणीदार. तिचं फूल छोट्या कंदिलासारखं असतं. कॉसमॉस येण्याआधीपासून ती कमी होत होती, उगाच सगळा दोष मी त्याच्या माथी मारणार नाही. पण जिथे ती उरली होती त्या उतारावर आता मला ती सापडत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण गावात मला लोक म्हणतात की तुम्ही परदेशी झाडांच्या मागे लागलात. तसं अजिबात नाही. ज्या सीताफळावर माझं घर चालतं ते अमेरिका खंडातून आलेलं आहे. मिरची तिकडचीच. दसऱ्याला ज्या झेंडूशिवाय आपल्या दाराला तोरण नाही, तो झेंडूही मेक्सिकोचा, कॉसमॉसचा भाऊबंद. पण झेंडू आमच्या वाफ्यात राहतो. त्याला पाणी द्या, खत द्या, तर येतो. नाही दिलं तर जातो. डोंगर चढून कुणाचं घर तो बळकावत नाही. पाहुणा कुठून आला यावर माझं काही म्हणणं नाही. तो घरात शिरून घरच्यांना बाहेर काढतो का, एवढंच मी पाहते.

आणि आपण शहाणे झालो नाही याचंही मला वाईट वाटतं, कारण अशी फुलं आपण आधी पाहिली आहेत. घाणेरी इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या बागेत आणली ती शोभेसाठीच. लाल-पिवळ्या फुलांचे झुबके, कुणालाही आवडावेत असे. आज तिनं देशभरातल्या जंगलांत किती जागा खाल्ली आहे ते वनखात्याला विचारा. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून बंगालमध्ये आली तीही त्या जांभळ्या फुलाच्या मोहानं. आता पुण्याच्या नद्यांमधून ती दरवर्षी यंत्रं लावून उपसावी लागते. गाजर गवत तेवढं न बोलावता आलं. १९५० च्या दशकात पुण्यातच कचऱ्याच्या ढिगांवर ते पहिल्यांदा लोकांच्या नजरेत भरलं, आणि आज देशात असा बांध शोधावा लागेल जिथे ते नाही. माझ्या वडिलांचे हात त्यानं फुटायचे, पावसाळाभर खाजवून खाजवून रक्त यायचं. पण गाजर गवताचं कुणी कौतुक केलं नाही, म्हणून निदान लोक ते उपटतात तरी. कॉसमॉस देखणं आहे, म्हणून त्याला कुणी हात लावत नाही. वर आपण त्याचे फोटो छापतो.

लोक मला म्हणतात, फुलपाखरं येतात, मधमाश्या येतात, मग वाईट कसं? येतात, मी रोज पाहते. पण त्या फुलांवर महिना-दीड महिना येतात. बाकी वर्षभर त्यांनी काय खायचं? फुलपाखराची अळी फुलातला मध पीत नाही, तिला तिचं ठरावीक पान लागतं, आणि ते पान ज्या झाडाचं, ते झाड कॉसमॉसच्या छताखाली गुदमरून गेलेलं असतं. गवतात अंडी घालणारे लावे, तित्तर आणि चंडोल, त्यांचं काय? डिसेंबरात कॉसमॉस वाळून काड्या होतो, मग कुणीतरी काडी टाकतं आणि सगळा उतार काळा पडतो. कुसळीचं बूड जळून गेलं तरी जमिनीत जिवंत राहतं आणि माती धरून ठेवतं. कॉसमॉस वर्षाचं झाड, मेलं की मेलं. त्यानंतरच्या वळवाच्या पहिल्या पावसाला आमच्या ओढ्याचं पाणी चहासारखं लाल येतं.

तुमच्या फोटोनंतर या शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागली होती. लग्न ठरलेली जोडपी फोटोवाल्यांना घेऊन आली होती. त्यांच्यावर माझा राग नाही, तरुण मुलं आहेत, सुंदर दिसतं तिथे जाणारच. पण एक बाई, माझ्याच वयाच्या, पायवाटेनं खाली येताना दिसल्या. हातातल्या पिशवीत सुकलेली बोंडं भरलेली. मी विचारलं तर म्हणाल्या, "आमच्या गावी लावते, कोकणात. आमच्याकडे नाहीत ही." मला समोर २००३ सालची मीच दिसले. मी त्यांचा हात धरला आणि तिथेच कठड्यावर बसून त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी पिशवी माझ्याकडे दिली. ती मी घरी आणून चुलीत घातली. पण त्या दिवशी अशा किती पिशव्या घाट उतरून गेल्या असतील?

आता काय करता येतं ते सांगते, कारण आम्ही पाच जणी ते करतो आहोत. २०२० च्या पावसाळ्यात सगळंच बंद होतं, तेव्हा आम्ही देवीच्या मागच्या उतारापासून सुरुवात केली. दोन पाऊस चांगले झाले की माती मऊ असते, रोप मुळासकट हाताला येतं. तेव्हा ते वीत-दीड वीत असतं. पान झेंडूसारखं कातरलेलं, पण चुरडलं तर झेंडूचा उग्र वास नाही. एक बाई तासाभरात मोठी चटई अंथरता येईल एवढी जागा स्वच्छ करते, जास्त नाही. उपटलेलं तिथेच उलटं करून टाकायचं, कळी नसेल तर ते कुजून जातं. कळी धरल्यावर मात्र उपटून टाकून ठेवलं तर आहे त्या ओलीवर फुलू शकतं, म्हणून ते गोळा करून आणायचं. बोंडं सुकायला लागली की डोंगरावर त्याला हात लावू नये, ओढाताणीत बी आणखी सांडतं. विळ्यानं वरून कापून तर काहीच होत नाही. आम्ही सुरुवातीला थोडं कापून पाहिलं होतं, ते बुडापासून दुप्पट फुटलं.

पहिल्या वर्षी उपटलं, दुसऱ्या वर्षी पुन्हा तेवढंच आलं. आमच्यातली एक रडकुंडीला आली. तिसऱ्या वर्षी मात्र विरळ झालं. आता त्या उतारावर कुसळी परत आली आहे, आणि गेल्या श्रावणात एका खडकाच्या कडेला तेरडा दिसला. फार नाही, दहा-बारा झाडं. पण घाटरस्त्याच्या वरचा सगळा उतार, जो तुमच्या फोटोत आहे, तो पाच बायकांच्या आवाक्यातला नाही. त्याला पाचशे हात लागतील, आणि तेही जुलैत.

म्हणून आपल्याकडे मागणं आहे. पहिलं म्हणजे, चूक दुरुस्त करा. सोनकी आमच्या सह्याद्रीची आहे. ती पिवळीधमक, लिंबासारखी, फूल रुपयाएवढं, झाड गुडघ्याखाली, आणि पान अखंड, कडेला दातेरी. कॉसमॉसचं पान चिरलेलं असतं, गाजरासारखं. लोकांनी दोन्ही एकच समजली तर उद्या कुणी उपटायला निघालं की सोनकीच उपटून येईल, ही मला सगळ्यात मोठी भीती आहे. दुसरं, या फुलांच्या जागी जायचं आवतण देऊ नका. आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात, जेव्हा डोंगरावर नुसतं हिरवं असतं आणि फोटो काढण्यासारखं काही नसतं, तेव्हा याच्यावर लिहा. तेव्हा लिहिलेल्याचा उपयोग आहे.

रोपवाटिकावाल्यांना आणि बी विकणाऱ्यांना माझं सांगणं की माळावर, घाटात टाकायचं म्हणून फुलांचं मिश्र बी विकू नका. आमच्या शेजारचाच मुलगा असं पाकीट घेऊन आला होता, गाडीवरून जाता जाता टाकायला. त्यात झेंडूबरोबर कॉसमॉसही होता. सीड बॉल, म्हणजे बी भरलेले मातीचे गोळे करणाऱ्या मंडळांनी, शाळांनी गोळ्यात काय भरतो ते आधी पाहावं. डोंगरावर टाकायचंच असेल तर त्याच डोंगरावरचं बी वेचून टाका. आमच्या ग्रामपंचायतीत कायद्यानं जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे, गावातल्या झाडापानांची नोंदवही करायची असते. २००२ चा कायदा आहे. त्या वहीत मी स्वतः जाऊन कॉसमॉसची नोंद घालायला लावली आहे, कुठून आलं, कधी आलं, कुणी आणलं यासकट. लिहिताना ग्रामसेवक थांबले, म्हणाले, "ताई, तुमचं नाव कशाला?" मी म्हटलं लिहा. पन्नास वर्षांनी कुणी वाचलं तर त्याला खरं कळायला हवं.

त्या बावन्न पुड्या ज्यांना दिल्या त्यातल्या एकोणचाळीस घरी मी आतापर्यंत जाऊन आले. काही बायका आता नाहीत, काही पुण्याला मुलांकडे गेल्या. बहुतेकींच्या परसात अजून फुलं आहेत. बारा जणींनी माझ्यादेखत उपटली. बाकीच्या म्हणतात, एवढं सुंदर फूल आहे, राहू दे. मी पुन्हा जाणार आहे. उरलेल्या तेरा जणींपैकी तिघी आपल्या पेपरच्या आवृत्तीच्या भागात, भोर आणि बारामतीकडे आहेत. त्यांच्या नजरेला हे पत्र पडलं तर बरं, म्हणूनही लिहिते आहे.

या पाकिटात दोन पानं आणि दोन फुलं वहीत दाबून वाळवलेली ठेवली आहेत. डावीकडे सोनकी, उजवीकडे कॉसमॉस. दोन्ही शेजारी शेजारी छापावीत, लोकांना फरक कळेल. कॉसमॉसचं फूल उमलतानाच खुडलेलं आहे, बी धरलेलं नाही. तरी छापून झाल्यावर ते फूल कचऱ्यात न टाकता जाळून टाकावं.

आपली नम्र,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका,
ता. पुरंदर, जि. पुणे